मागच्या अंगणातली तीन मिनिटं

होउमा गावात कुणाचं लग्न लागलं किंवा कुणाची माती झाली, की चौथ्या-पाचव्या दिवशी कालोलाइनेच्या दारात एक पिशवी येऊन पडायची. पिशवीत तळहातावर मावतील अशा आठ-नऊ छोट्या डिस्क आणि कुठं किती प्रती पाठवायच्या त्याची चिठ्ठी. ऑकलंडला सहा, सिडनीला चार, अमेरिकेला तीन. गाव अर्धं टोंगात आणि अर्धं परदेशात, त्यामुळे इथला समारंभ डिस्कवर चढून विमानात बसल्याशिवाय पुरा झाला असं कुणी मानतच नसे.

कालोलाइने पूर्वी मुलींच्या शाळेत टायपिंग शिकवायची. शाळेनं टाइपरायटर भंगारात काढले, त्याच वर्षी तिलाही घरी बसवलं. तिचा नवरा विलियामी बंदरावर मुकादम होता. त्यानं कुठल्याशा ऑफिसानं टाकलेला कॉम्प्युटर आणून दिला. "तू गप्प बसलेली बघवत नाही," म्हणाला. "याच्याशी भांड." ती भांडली नाही, शिकली. आधी कॅसेटवरून उतरवून घ्यायला, मग जोडायला, कापायला, आणि शेवटी डीव्हीडी मारायला. आता तिला बावन्न वर्षं झाली होती आणि आसपासच्या पाच गावांत दुसरं कुणी हे काम करत नव्हतं.

शूटिंग उइकेलोतु करायचा. गडी चित्रं सुरेख घ्यायचा, पण कॅमेरा बंद करायला विसरायचा. प्रत्येक समारंभात दहा-पंधरा मिनिटं त्याच्या चपलेची असत. कालोलाइने आधी सगळ्या छोट्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घेई, क्रमानं जोडी, मग चार तासांचे दोन तास करी. मोठ्या डिस्कवर दोनच तास नीट बसतात. जास्त कोंबलं की माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोन व्हायला लागतात. मारायची ती सावकाश मारायची, आणि प्रत्येक डिस्कचा शेवट जुन्या प्लेयरवर लावून बघायचा. घाईनं मारलेली डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत अडकते, आणि माणसाला पुरतात ते त्याच दहा मिनिटांत.

काय कापायचं, हे तिला आता विचार करून ठरवावं लागत नसे. आहेर कधी कापायचा नाही. कुणी किती चटया आणल्या, झाडाच्या सालीचं कापड किती लांबीचं आणलं, ते आणणाऱ्याच्या तोंडासकट दिसलं पाहिजे. नाहीतर पुढची तीन वर्षं ते घर आपल्या घराशी बोलत नाही. स्तोत्रं थोडी कापली तर चालतात. चपला कापायच्या. आणि मागचं अंगण कापायचं.

मागचं अंगण म्हणजे भट्टी. माती असली की माणसं आपोआप दोन बाजूंना होतात. मेलेल्या माणसाहून मानानं मोठी असतात ती, म्हणजे त्याच्या बहिणी आणि बहिणींची मुलं, समोर बसतात. बहिणीचा मान सगळ्यांत वरचा, ती उशाशी. त्याच्याहून खालची, म्हणजे धाकटे भाऊ आणि त्याची स्वतःची मुलं, घरामागं राबतात. अंगाभोवती मोठ्या फाटक्या चटया बांधायच्या, केस विस्कटलेले ठेवायचे, जमिनीतली भट्टी लावायची, सुरण-रताळी भाजायची, दोन दिवस पुढं यायचं नाही. यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट बापासाठी एवढं तरी करायला मिळालं असं वाटतं. पण ते दाखवायचं नसतं. पाहुण्याला ताट दाखवतात, चूल नाही.

कालोलाइनेचा भाऊ मानासे तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. मोठं झाल्यावर बहीण-भावांनी एका खोलीत बसून पडद्यावरचं काही बघायचं नाही, ही रीत दोघांनी कडक पाळली. त्यांच्या वडिलांकडे टीव्ही आला तेव्हा ती आत बघायची आणि मानासे ओट्यावर बसून नुसतं ऐकायचा. पुढं तिच्या घरी कॉम्प्युटर आला, तर तो त्या खोलीच्या उंबऱ्याशीही कधी आला नाही. तिचं काम कसं चालतं हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं, पण निम्मी गिऱ्हाइकं त्यानंच आणलेली. फाटकातून हाक यायची, "ताई, गिऱ्हाईक आलंय! चांगलं माणूस आहे, रडवू नको."

एका गुरुवारी मानासे सुरणाच्या वाफ्यात खाली बसला आणि उठलाच नाही.

दोन दिवस कालोलाइने त्याच्या उशाशी होती. कमरेला आजीच्या हातची जुनी मऊ चटई, हातात पंखा. माणसं येत होती, वाकून त्याच्या कपाळाला ओठ लावत होती, पुढं चटया ठेवत होती. बहिणीनं आळवून रडायचं असतं, तशी ती रडली. आवाज गळ्यातून येत होता, शब्दही नीट जुळत होते. आत मात्र काहीच हलत नव्हतं. पंख्यानं माशी हाकलावी तसं तिनं ते रडणं केलं आणि संपवलं.

पाचव्या दिवशी आठ डिस्कची पिशवी आली. विलियामीनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"ही तरी दुसऱ्या कुणाकडं दे."

"दुसरं कोण आहे?"

त्यानं पिशवी परत दिली.

तिनं ते काम दोन दुपारींत केलं. ट्यूबलाइटमुळे भावाचा चेहरा पिवळा आला होता, तिनं पिवळा कमी केला. पाद्रीबाबा खोकले तेवढं काढलं. सातव्या डिस्कवर एका जागी नुसता धूर दिसला, म्हणजे उइकेलोतु मागं भटकलेला. तिनं ती तीन मिनिटं उडवली. दार लावताना हात आपसूक कडीकडं जावा, तसा हात गेला. शेवटी मानासे आणि ती दोघंच असलेला एक तुकडा होता. सगळे जेवायला उठले तेव्हा उइकेलोतुनं दारातून घेतलेला. तो तिनं राहू दिला. चौदा डिस्क मारल्या, नावं घातली. लगेच एका लग्नाची पिशवी येऊन पडली होती आणि कॉम्प्युटरवर जागा नव्हती, म्हणून भावाचं सगळं पुसून टाकलं. छोट्या डिस्क नेहमीप्रमाणे उइकेलोतुकडं परत गेल्या.

तीन आठवड्यांनी ऑकलंडहून फोन आला. एलेनोआचा, मानासेच्या मोठ्या मुलीचा. अकरा वर्षं ती तिकडं एका वृद्धाश्रमात काम करत होती. तिथं राहायचे कागद कधीच संपलेले. एकदा देश सोडला की परत घेणार नाहीत, म्हणून बापाच्या मातीलाही येता आलं नव्हतं.

"आत्या, जेवलात?"

"जेवले. डिस्क मिळाली?"

"मिळाली. इथं हॉलमध्ये चाळीस माणसांनी बसून बघितली. तुमच्या कमरेची चटई बघून म्हाताऱ्या म्हणाल्या, असली आता कुणी विणत नाही."

"हं."

"आत्या, त्यात लोपेती कुठं आहे?"

लोपेती तिचा धाकटा भाऊ. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. दोन वर्षांपूर्वी त्यानं चर्च बदललं होतं. मानासे जुन्या चर्चचा प्रवचनकार. त्यानं भर रस्त्यात मुलाला सांगितलं होतं, "माझ्या मातीला येऊ नकोस." ऐकणारे पुष्कळ होते आणि त्यांतले काही आता ऑकलंडला होते.

"तो मागं असणार," कालोलाइने म्हणाली. "त्याची जागा मागं."

"ते मला ठाऊक आहे हो. पण इथं म्हणतात, बापानं येऊ नकोस म्हटलं आणि पोरगा खरंच आला नाही. एक बाई म्हणाली, नव्या देवानं रजा दिली नसेल. सगळे हसले. मी चहा देत होते. देत राहिले."

"लोकांच्या तोंडाला काय..."

"लोकांचं सोडा. तुम्ही सांगा आत्या. तुम्ही बघितलंत त्याला?"

कालोलाइनेच्या ओठांवर 'हो' आलं होतं. मानासेच्या मातीत तिच्याहून मोठं कुणी नव्हतं. तिनं हो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या ऑकलंडात तेच खरं झालं असतं. पण दोन दिवस ती समोर तोंड करून बसली होती. मागं वळून बघायची तिची जागा नव्हती, ती वळली नव्हती. मग तिला तो धूर आठवला. धुरात कोण होतं ते काही आठवेना, कारण तिनं पाहिलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी समोर होते."

एलेनोआ म्हणाली, "मग तुम्हीच विचारा त्याला. मी बहीण. बापाच्या मातीला होतास का, असं मी भावाला कुठल्या तोंडानं विचारू?"

ते खरंच होतं. कालोलाइने दुसऱ्या दिवशी लोपेतीच्या वाफ्यावर गेली. तो तण काढत होता. तिला बघून उठला, शर्टाची बटणं लावली आणि मान खाली घालून उभा राहिला.

"एलेनोआचा फोन होता. डिस्कवर तू दिसत नाहीस म्हणते."

"बरं."

"होतास ना मागं?"

"आत्या, डिस्कवर नाही ना? मग नव्हतो."

"असं उलटं काय बोलतोस?"

"उलटं नाही. तुम्ही कापता ते नीटच कापत असाल. सगळे म्हणतात." आणि तो परत खाली बसला. आत्या समोर उभी असताना कुणी बसत नाही. तो बसला.

मागच्या अंगणात राबलेल्या दोघातिघांना तिनं विचारलं. होता की, म्हणाले. पण ते लोपेतीचे दोस्त. नसता तरी होताच म्हणाले असते, आणि हे ऑकलंडलाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर विलियामी म्हणाला, "एक शब्द पुरला असता तुझा. हो म्हणायचंस."

"बघितलं नाही तर कसं म्हणू?"

"आख्ख्या गावात खोटं न बोलणारी तू एकटी. आणि धंदा काय, तर चार तासांचे दोन करायचे!"

तिनं फोन घेतला. उइकेलोतु महिनाभरासाठी वावाउ बेटांवर लग्नं घ्यायला गेला होता, डिस्कही त्याच्याबरोबरच.

"उइके, मानासेच्या मातीच्या डिस्क पुसल्यास?"

"काकू, तुम्हाला खरं सांगू की बरं वाटेल ते?"

"खरं."

"मयताच्या डिस्कवर मी लग्न घेत नाही. नवरा-नवरीला लागतं ते."

"म्हणजे आहेत?"

"इथं परवा एक म्हातारा गेला ना. मयतावर मयत चालतं. पाच वापरल्या."

"आणि तीन?"

"तीन असतील. नंबर टाकत नाही हो मी, तुम्ही किती वेळा ओरडलात. थांबा, कॅमेऱ्यात घालून बघतो." खडखड झाली. "यात पाद्रीबाबा. खोकतायत."

"दुसरी बघ."

"यात... चप्पल. काकू, ही चप्पल हरवलीय माझी, चांगली होती."

"उइके!"

"बघतो, बघतो. ही तिसरी. तुम्ही बसलाय. चटया. अजून चटया. मग... धूर दिसतोय. काळा कुत्रा चाललाय."

"आणि?"

"कॅमेऱ्याचा पडदा केवढा, काकू, काडेपेटीएवढा. माणसं आहेत धुरात. कोण ते नाही कळत."

"हात लावू नकोस तिला. बोटीवर दे कुणाच्या तरी हातात. आजच."

बोट शनिवारी आली. एका नर्सबाईनं बिस्किटाच्या डब्यात घालून डिस्क आणून दिली. रविवारी काम करायचं नाही, त्यामुळे ती दिवसभर कपाटावर पडून राहिली. कालोलाइने चर्चला गेली, जेवली, झोपली. उद्या ती लावली आणि त्यात लोपेती नसला, तर एलेनोआला तेही सांगावं लागणार होतं. हे तिला कळत होतं.

सोमवारी सकाळी विलियामी कामावर गेल्यावर तिनं डिस्क लावली.

धूर. कुत्रा. मग वारा फिरला आणि भट्टी दिसली. फावड्यानं तापलेले दगड बाजूला सारणारा माणूस पाठमोरा होता. छातीपर्यंत फाटकी चटई, डोक्यात राख, पाय अनवाणी. तो वळला. लोपेती होता. त्यानं दगड सारले, पानांत बांधलेलं मांस वर काढलं, टोपल्या दुसऱ्यांच्या हातात दिल्या. घाई नाही, थांबणं नाही. मग घरातून एका बाईचं रडणं ऐकू आलं, लांबलेलं, आळवलेलं. कालोलाइनेला क्षणभर कळलं नाही की हे कोण रडतंय. तो तिचाच आवाज होता. मागून ऐकला तर कुणाचाही असता.

रडणं सुरू झालं तसा लोपेती फावडं टेकवून उभा राहिला. रडणं संपेपर्यंत उभा होता. मग हाताच्या पाठीनं तोंड पुसलं, त्यानं राख सगळीकडं झाली. उइकेलोतुचा आवाज आला, "लोपेती, इकडं बघ जरा." त्यानं पंजा कॅमेऱ्यावर धरला. "मागचं घेतात का रे कधी? जा, पुढं जा. आत्या बसल्यात तिकडं." बोटांच्या फटीतून मागची खिडकी दिसत होती आणि खिडकीत तिची पाठ. वीसेक पावलांवर.

तिनं तो तुकडा परत लावला. तिसऱ्यांदा लावला. धुरामुळे चित्र पांढरं मारत होतं, ते थोडं गडद केलं. डोळे कोरडेच होते.

आता प्रश्न जागेचा. स्वतःजवळ उरलेली एक डीव्हीडी तिनं पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवली. ती काठोकाठ भरलेली होती. तीन मिनिटं घालायची तर तीन मिनिटं काढायला हवीत. दुपारी विलियामी जेवायला आला, तिच्या खांद्यावरून वाकून बघत उभा राहिला.

"स्तोत्र काप एखादं."

"आधीच चार कापलीत. गाणारी बारा घरं आहेत."

"मग ह्या एवढ्या चटया?"

"चटया कापल्या तर तुला गावात रात्रीच्या बैठकीला, कावा प्यायला कोण बोलावणार?"

"ते मात्र खरं," विलियामी म्हणाला आणि मुकाट्यानं जेवायला बसला.

ती पुढं पुढं बघत गेली. पाद्रीबाबा, शाळा, चुलत घरं, मामाकडचे. कुणाचंच काही काढता येत नव्हतं. शेवटी तो तुकडा आला. रिकामं घर, मानासे आडवा, उशाशी ती. पंखा वर-खाली होतोय. दहाव्या वर्षानंतर बहीण-भाऊ दोघंच असे एका चित्रात कधी आले नव्हते. तीन मिनिटं चार सेकंद. बाहेरच्या कुणाचा त्यात आहेर नव्हता, कुणाचं तोंड नव्हतं. मानासेचा चेहरा आधी दोनदा नीट दिसून गेला होता.

तिनं तो कापला.

त्या जागी मात्र मागचं अंगण लावलं नाही. ते मधे लावलं, तिच्या रडण्याला जोडून. आतलं रडणं अर्ध्यावर आलं की चित्र बदलायचं आणि तिचंच रडणं बाहेरून, भट्टीपाशी ऐकू यायचं. सांधा बरोबर बसला की नाही हे तिनं चारदा तपासलं. पंजा कॅमेऱ्यावर येतो तिथपर्यंत ठेवलं, त्याचं बोलणंही ठेवलं. मग पुन्हा चौदा डिस्क, सावकाश. एक मधे वीज गेल्यानं वाया गेली, म्हणजे पंधरा. प्रत्येकीचा शेवट लावून बघितला. चिठ्ठीत लिहिलं, आधीची मोडून टाका, ही ठेवा.

पुढच्या आठवड्यात एलेनोआचा फोन आला.

"आत्या, जेवलात?"

"जेवले. लावली?"

"काल लावली हॉलमध्ये. सगळ्यांसमोर."

"काय म्हणाले?"

"काही नाही. एका म्हातारीनं विचारलं, भट्टीवर राखेत माखलाय तो कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. मग ती म्हणाली, एवढ्या माणसांना एकच भट्टी कशी पुरली? मग त्यावरच बोलत बसले."

"दोन होत्या. दुसरी कडेला होती, ती दिसत नाही."

"सांगते मी त्यांना. आत्या, आधी शेवटी तुम्ही आणि बाबा दोघंच होतात ना, ते यात नाही."

"जागा नव्हती."

"बरं," एलेनोआ म्हणाली. मग तिनं विचारलं, लोपेतीच्या पायात चप्पल का नव्हती, भट्टीपाशी जमीन किती तापते, पाय भाजले असतील. कालोलाइने म्हणाली, त्याला विचारते आणि तुला सांगते.